मीनाच्या आईबापाच्या अंगठ्या

मीनाचं लग्न ठरलं, सुपारी फुटली, आणि चहा फिरत असताना मोतीबाईनं मध्येच विचारलं, "आन् हिच्या आयबापाचं कवा?"

बसलेली माणसं हसली. मोतीबाई हसली नाही. बारवी धरणामागच्या डोंगरात जे पाच-सहा पाडे आहेत, त्यांतल्या कुठल्याही लग्नाला गाणी म्हणायला हीच म्हातारी लागे. तिचं गाणं झाल्याशिवाय हळद लागत नसे. ती म्हणाली, "ज्यांच्या डोस्क्यावर अक्षता नाय पडल्या, त्यांनी पोरीवर कशा टाकायच्या? आधी त्यांचं लावा. मंग पोरीचं."

बोलणं काही खोटं नव्हतं. मीनाची आई नवसी आणि बाप सुकऱ्या चोवीस वर्षं एका घरात राहत होते. एका शिमग्याला नवसी त्याच्या मागोमाग पाड्यात आली ती आलीच. लग्न पुढच्या साली करू म्हणाले. पुढच्या साली भात वाहून गेलं, त्याच्या पुढच्या साली सुकऱ्याची आई गेली, मग मीना झाली आणि लग्नाचं राहूनच गेलं. अशी आणखी तीन-चार घरं पाड्यात होती. त्याला कुणी नावं ठेवत नसे. पोरं लग्नाला आली की एकाच मांडवात आधी आईबाप उभे राहत, मग पोरं. रीतच होती.

पण नवसीला ते बोलणं लागलं. तिनं भरल्या कपांचा ट्रे तसाच खाली ठेवला आणि घराच्या मागे जाऊन उभी राहिली.

मीना तिच्या मागे आली. मीना बदलापूरला दातांच्या डॉक्टरकडे कामाला होती. सकाळी टमटमनं जायची, संध्याकाळी यायची. तिचं बोलणं आता शहरातल्या पोरींसारखं झालं होतं.

"आई, काय झालं? चांगलंच आहे ना. एकाच मांडवात दोन लग्नं."

"मना नाय करायचं."

"का?"

का, ते नवसीला सांगता येईना. बाईनं लग्नाला नाही म्हणायचं, तेही चोवीस वर्षांनी, असं कुणी ऐकलं नव्हतं. सुकऱ्या वाईट नव्हता. पूर्वी प्यायचा, आता बारा वर्षं झाली, शिवतही नव्हता. चिखलोलीच्या एका नव्या सोसायटीत माळीकाम करायचा, पगार घरात आणून द्यायचा. पण रोज सकाळी चूल पेटवताना नवसीला एक गोष्ट ठाऊक असायची, की आपल्याला इथं कुणी बांधून ठेवलेलं नाही. जायचं म्हटलं तर जाता येतं, आणि आपण राहिलो आहोत. हे तिनं कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. पण अंगात मीठ असावं तसं ते तिच्या अंगात होतं.

ती एवढंच म्हणाली, "गळ्यात मनी, पायात जोडवी, कपाळाला कुंकू. समद्या खुना बाईच्याच अंगावर. तुझ्या बाला काय? त्यो कालबी तसाच, उद्याबी तसाच."

मीना म्हणाली, "म्हणजे बानं पण काहीतरी घातलं तर चालेल?"

"काय घालंल?"

"अंगठी. मी आणि प्रेम घेणार आहोत, जोडीची. एकसारख्या दोन. तुम्ही पण घ्या. तू घालायची, बानं पण घालायची. माझ्या पगारातून."

नवसीला हसू आलं. सुकऱ्याच्या बोटात अंगठी तिच्या डोळ्यांपुढे येईना. पण पोरगी हटून बसली आणि नवसीच्या तोंडून "बघू" निघालं. बघू म्हणजे हो, हे मीनाला लहानपणापासून माहीत होतं.

पुढच्या रविवारी चौघं उल्हासनगरला निघाले. मीनाचा होणारा नवरा प्रेम वांगणीच्या वरच्या पाड्यातला, त्यांच्याच जातीतला. अंबरनाथच्या एका कंपनीत कामाला होता. विठ्ठलवाडीला उतरून त्यानं रिक्षा केली आणि कॅम्प चारच्या गल्लीत एका सिंधी बाईच्या दुकानासमोर आणून उभं केलं. त्याच्या कंपनीतल्या दोघांनी लग्नाच्या अंगठ्या तिथूनच नेल्या होत्या.

दुकान जेमतेम दोन खाटांएवढं. पुढे काचेचं कपाट, मागे पडद्याआड कुणी तरी ठोकठोक करत होतं. कपाटामागे बसलेली बाई साठीची, गोरी, जाड चष्म्याची. चौघांना बघून तिनं स्टूल पुढे सरकवलं.

"आओ, बसा. किसकी शादी?"

"आमची," मीना आणि प्रेम एकदम म्हणाले. मग मीनानं नवसीच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि यांची पण. हे माझे आई-बाबा."

नवसीनं खाली मान घातली. आता ही बाई हसणार, असं तिला वाटलं. पण बाईनं चष्मा वर सरकवला, दोघांकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "अच्छा है. तो पहले बडों का दिखाती हूं."

तिनं निळ्या मखमलीचा ट्रे काढला. त्यात अंगठ्यांच्या जोड्या रांगेनं खोचलेल्या होत्या. एका जोडीत अर्धं बदाम एकीवर आणि अर्धं दुसरीवर, दोन्ही हात जवळ आणले की पुरं होणारं. एका जोडीतल्या मोठीवर मुकुट, लहानीवर त्याहून लहान मुकुट. एकीत बारीक खडे.

"यो काय हाय?" सुकऱ्यानं अर्ध्या बदामाला बोट लावलं.

"दिल आहे, बा," मीना म्हणाली.

"तुटलाय."

प्रेम खो खो हसला. बाईही हसली. सुकऱ्याला कळलं नाही काय चुकलं, पण तोही हसला.

मग त्याचं लक्ष एका जोडीवर गेलं. चांदीच्या दोन तारांना दोरीसारखा पीळ घातलेला होता. सुकऱ्या फावल्या वेळात अंबाडीच्या दोऱ्या वळायचा, त्याला तो पीळ ओळखीचा वाटला. त्यानं अंगठी उचलून उजेडाकडे धरली. "पीळ बराबर बसलाय," तो म्हणाला. "यी घेऊ?"

नवसीनं त्याच्या हातातून घेऊन पाहिली. "ह्या खाचंत माती बसंल. तू दिसभर कुंड्या भरतोस. चार दिसांत काळी होईल."

"धुईन."

"तू? धुशील?"

बाईनं एक उघड्या तोंडाची अंगठी दाखवली, बोटावर दाबून कमी-जास्त करता येते अशी. नवसीनं मान हलवली. "नको. काटकीत अडकंल. बोट घेऊन जाईल." ती डोंगरात सरपणाला जायची, करवंदाच्या जाळीत हात घालायची. बाई म्हणाली, "सही बात है. ये तो मैंने सोचा ही नहीं." आणि तिनं ती अंगठी परत आत ठेवली.

तिथून पुढे नवसीचं मन रमू लागलं. आपल्याला कुणी काही विचारतंय, आपण नको म्हटलेलं बाजूला ठेवलं जातंय, असं दुकानात तिच्या बाबतीत क्वचितच झालं होतं. बदलापूरच्या बाजारात ती रानभाजी विकायला बसे तेव्हा नको म्हणायचं काम गिऱ्हाइकांचं असे. शेवटी तिनंच एक जोडी निवडली. साधी, चपटी, वर काहीच नाही. फक्त कडेनं एक बारीक रेघ फिरलेली. दोन्हींवर सारखीच.

"यी," ती म्हणाली. "हिला काय बी झालं तरी कळायचं नाय."

बाईनं मापाच्या कड्यांचा जुडगा काढला. एकेक कडी बोटात घालून बघायची. आधी सुकऱ्याचं बोट. त्याची बोटं लांब आणि सडपातळ होती. तिसरीच कडी नीट बसली. मग नवसीचं. तिच्या बोटाचा सांधा सुजून कायमचा जाड झालेला होता. कोयता, कुदळ, डोक्यावरची मोळी, सगळं त्या सांध्यात साठलं होतं. चौथी कडी अडली, पाचवी अडली, सहावी-सातवीही अडली. आठवी गेली, पण सांध्याखाली गेल्यावर सैल पडली.

बाईनं कागदावर दोन आकडे लिहिले आणि ते उलटे लिहिले गेले की काय म्हणून परत पाहिले. ट्रेमधली मर्दानी अंगठी नवसीला बसत होती, आणि बायकी अंगठी सुकऱ्याला.

प्रेमला पुन्हा हसू फुटलं. मीनानं त्याला कोपरानं ढोसलं. नवसीनं हात पदराखाली ओढून घेतला. तिला एकदम लाज वाटली. एवढा मोठा हात, बाईमाणसाचा.

सुकऱ्या मात्र हसला नाही. ट्रेकडे बघत तो सरळ म्हणाला, "तिनं माझ्यापरीस जास्त काम केलंय. मोठी तिला द्या."

पडद्याआडची ठोकठोक तेवढी चालू होती.

बाईनं घसा साफ केला. "अंदर तारीख डालते हैं, सबके लिए. शादी की तारीख. कौनसी?"

मीनानं आपल्या लग्नाची तारीख सांगितली. बाईनं ती प्रेम-मीनाच्या नावापुढे लिहिली. "और इनकी?"

"तीच," मीना म्हणाली. "एकाच दिवशी आहे."

"ती नको," सुकऱ्या म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो स्टुलावर जरा पुढे सरकला. चारचौघांत बोलायची त्याला सवय नव्हती.

"आमचं काय त्या दिवशी सुरू नाय व्हायचं. चोवीस वर्सं झाली. दुसरी तारीख टाका."

"कोणती, बा? आई शिमग्याला आली ती?"

"ती नाय. दुसऱ्यांदा आली ती."

नवसीनं चमकून वर पाहिलं.

दुसऱ्यांदा म्हणजे कधी, हे या चौघांत तिला आणि सुकऱ्यालाच ठाऊक होतं. मीना अडीच वर्षांची होती. सुकऱ्या तेव्हा रोज पिऊन यायचा. एका श्रावणात त्यानं भाताची हंडी लाथेनं उडवली आणि नवसी दुसऱ्या सकाळी पोरीला कडेवर घेऊन वांगणीच्या बाजूला, भावाच्या पाड्यात निघून गेली. दोन महिने राहिली. तिला वाटायचं, आज येईल, उद्या येईल. न्यायला आला असता तर ती गेली नसती, निदान लगेच गेली नसती. पण तो आलाच नाही. मग एके दिवशी भावाच्या शेतातलं भात पिवळं पडायला लागलेलं तिनं पाहिलं. आपलंही पडलं असेल, कापायला कुणी नसेल, असं मनात आलं आणि ती उठून चालू लागली. घरी आली तेव्हा सुकऱ्या दारात बसला होता. "आलीस?" एवढंच तो म्हणाला आणि उठून भात रांधायला लागला. त्या दिवसाबद्दल दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत. नवसीच्या मनात तो दिवस कमीपणाचा होता. कुणी न्यायला न येता, आपल्याच पायांनी परत आलेली बाई.

"तुला तारीख ठावं हाय?" तिनं विचारलं.

"तारीख नाय. दिवस ठावं हाय. मीना अडीच वर्सांची व्हती. दुसऱ्या दिवशी घट बसले. शेजारच्या सोमाच्या घरी ढोल वाजत व्हता."

मीनानं काही न विचारता मोबाईल काढला. आपलं वय मोजलं, मागची सालं काढली, घटस्थापना शोधली. मग तिचा चेहरा पडला. "बा, आदल्या दिवशी सर्वपित्री अमावस्या आहे. लग्नाच्या अंगठीत अमावस्येची तारीख?"

"असंल," सुकऱ्या म्हणाला. "मना काय त्याचं. पयल्यांदा मी तिला घेऊन आलो. दुसऱ्यांदा ती आपली आपण आली."

बाईनं पेन वर धरलं आणि नवसीकडे पाहिलं. "बोलो दादी. लिखूं?"

सिंधी लोक थोरल्या बहिणीला दादी म्हणतात हे नवसीला माहीत नव्हतं. आपल्याला आजी म्हणतेय असं वाटून ती अर्धवट हसली. मग हसू मावळलं. तिनं मान डोलावली.

प्रेम आणि मीनाला लग्नाचे कपडे बघायचे होते. ती दोघं पुढे गेली. नवसी आणि सुकऱ्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. समोर एक हातगाडी, तिच्यावर उसाचा रस. सुकऱ्यानं दोन ग्लास आणले.

नवसीनं ग्लास हातात धरला, प्यायली नाही. "येवढा आठव व्हता तं न्यायला का नाय आलास?"

"आलो व्हतो."

"कवा?"

"दोनदा. ओहोळापत्तर आलो. तुझ्या भावाचं घर दिसत व्हतं. तिथनं मागं फिरलो."

"का?"

सुकऱ्यानं रस संपवला, ग्लास खाली ठेवला. "तुझा भाऊ बोलला असता, लगीन कवा लावलंस? कंच्या हक्कानं आलास? मी काय बोललो असतो? आन् मी पिऊन हंडी फोडलेली. तुला चल बोलायला तोंड नव्हतं माझ्याकडं."

नवसीला राग आला. चांगलाच आला. दोनदा ओहोळापर्यंत येतो आणि हाकसुद्धा मारत नाही. "हाक मारायची! मी भाईर आले असते. आले असते का नाय ती माझी गोस्ट. पन मना कळलं तं असतं!" तिचा आवाज चढला. रसवाला बघायला लागला. तिनं ग्लास तसाच पायरीवर ठेवला.

सुकऱ्यानं तो ग्लास उचलून तिच्याजवळ सरकवला.

मग ती म्हणाली, हळू, पण एकेक शब्द ठेवून, "आईक. अंगठी मी घालीन. पन ती बोटात हाय, पायात नाय. पुन्हा हंडी फुटली तं मी जाईन. लगीन झालं म्हनून राहीन असं समजू नको."

"ठावं हाय," सुकऱ्या म्हणाला. "म्हनून तं ती तारीख."

पंधरा दिवस नवसी त्याच्याशी कामापुरतंच बोलली. राग अंगठीचा नव्हता, लग्नाचाही नव्हता. जवळजवळ वीस वर्षं मनात धरून ठेवलेली एक गोष्ट खोटी निघाली होती आणि तिच्या जागी दुसरी ठेवायला जागा होत नव्हती. जिला न्यायला कुणी आलं नाही अशी बाई आपण आहोत, असं ती धरून चालली होती. त्या धरण्यावर तिनं बरंच काही उभं केलं होतं. तिचा ताठा, तिचं गप्प राहणं, रोज सकाळचं ते 'जाता येतं' सगळं त्याच्यावरच होतं. आणि हा माणूस तोच दिवस इतकी वर्षं दुसऱ्या बाजूनं धरून बसला होता. तिला जी हार वाटली, ती त्याला देणगी वाटली होती.

चैत्र संपत आला होता. राब भाजायचे दिवस. शेतात पालापाचोळा पसरून दोघं दोन टोकांनी आग लावत होते. धूर वर जात होता. नवसीनं मध्येच हातातली फांदी खाली टेकवली.

"कंच्या झाडाखाली उभा व्हतास?"

सुकऱ्याला विचारावं लागलं नाही कधीचं ते. "उंबराच्या. ओहोळाच्या अल्याड."

"तिथनं काय दिसलं?"

"घर तेवढं. तू नाय दिसलीस. आयकू आलं. मीना रडत व्हती. तू तिला उगी करत व्हतीस. गानं म्हनत व्हतीस, ती गप होईपत्तर उभा राहिलो. मंग परतलो."

नवसीनं आगीकडे पाहिलं. वारा फिरला होता, आग बांधाकडे सरकत होती. "ती कडा झोड, बांध जळंल," ती म्हणाली. सुकऱ्या ओली डहाळी घेऊन धावला. दोघांनी मिळून आग आवरली. घरी येताना ती त्याच्यापुढे नाही, मागेही नाही, बरोबर चालली. आणि रात्रीच्या भाजीत मीठ जास्त झालंय का, हे तिनं पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्याला विचारलं.

वैशाखात लग्न लागलं. सकाळी आईबापाचं, दुपारी पोरीचं. मोतीबाईनं थरथरत्या आवाजात गाणं धरलं. मीना हळद लागलेल्या अंगानं आपल्याच आईबापावर अक्षता टाकत होती आणि बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. अंगठ्या घालायची वेळ आली. सुकऱ्याच्या बोटात नवसीनं घातली, ती सहज गेली. मग त्यानं तिचा हात धरला. उन्हाळा, सकाळपासूनचं काम, सांधा आणखी फुगला होता. अंगठी तिथं येऊन थांबली. सुकऱ्यानं जोर लावायला बघितलं आणि तिला दुखेल म्हणून थांबला. तेल आणा, साबण आणा, असा गलका झाला.

नवसीनं त्याचा हात बाजूला केला. दुसऱ्या हाताच्या चिमटीत अंगठी धरली, डोळे मिटले आणि तिची तिनं आत ढकलली.

"झालं," ती म्हणाली. मोतीबाईनं गाण्याचं पुढचं कडवं धरलं.

मीना वांगणीला गेली. घर रिकामं झालं, पण कामं थांबली नाहीत. सुकऱ्या अंगठी घालून चिखलोलीला जाऊ लागला. कुंड्या भरून झाल्या की नळाखाली हात धरून ती अंगठी घासायचा. सोसायटीतल्या बायकांनी विचारलं तर लाजून म्हणायचा, "लगीन झालं." त्यांना वाटायचं, माळ्यानं दुसरं लग्न केलं.

आठवड्यानं नवसी करवंदांची पाटी घेऊन बदलापूरच्या बाजारात नेहमीच्या जागेवर बसली. इंदुबाई नावाचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, शाळेतून रिटायर झालेल्या बाई. पानांच्या द्रोणात करवंदं घेताना त्यांचं लक्ष नवसीच्या हाताकडे गेलं.

"अगं, अंगठी! छान आहे. आणि इतके दिवस होतीस कुठं?"

"लगीन व्हतं, बाई."

"मुलीचं ना? झालं का व्यवस्थित?"

"दोघींचं," नवसी म्हणाली.

इंदुबाईंना वाटलं तिला दोन मुली आहेत. त्यांनी दोघींना आशीर्वाद सांगायला सांगितला. नवसीनं मान डोलावली आणि त्यांच्या द्रोणात वरून आणखी एक मूठ करवंदं टाकली.